हिरडी बरी होत नाही आणि एकच दाढ हलतेय: आधी तुकडा, दाढ नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांचं वय ६१, राहायला भांडुपला, बेस्टमधून निवृत्त. पंचवीस-तीस वर्षांची तंबाखू-चुन्याची सवय, बार नेहमी खाली उजवीकडे. त्याच बाजूला खालच्या दाढेजवळची हिरडी दोन-अडीच महिने सुजलेली आहे, ब्रश लागला की रक्त येतं आणि आता दाढ हलायला लागली आहे. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला, त्यात ‘विशेष काही नाही’ असं सांगितलं. एक डेंटिस्ट म्हणतात दाढ काढून टाकू, दुसऱ्यांनी तुकडा काढून तपासायला, म्हणजे बायोप्सी करायला सांगितलंय. आणि काकांचं म्हणणं, तुकडा काढला की आजार पसरतो, त्यापेक्षा सरळ पेट स्कॅन करून मोकळे व्हा.

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. तुकडा काढा, याच आठवड्यात. तो होईपर्यंत दाढेला कुणालाही हात लावू देऊ नका. पेट स्कॅनची आत्ता गरज नाही. बाबांना कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही, तोंड न बघता तसं म्हणता येतही नाही. पण तंबाखूचा बार, त्याच जागची हिरडी, दोन महिने आणि एकच हलणारी दाढ, एवढं जुळल्यावर ‘बघू अजून थोडे दिवस’ म्हणायची सोय राहत नाही.

हिरडीचा कॅन्सर उशिरा सापडण्यामागे एक साधं कारण आहे. तो दाताच्या आजारासारखा दिसतो. जिभेवर व्रण झाला तर माणूस घाबरून डॉक्टरकडे जातो. हिरडी सुजली, रक्त आलं, दात हलला, तर तो मनात म्हणतो पायोरिया आहे, वय झालं, दाढ काढू. समोरच्या खुर्चीजवळ उभा असलेला डॉक्टरही दिवसातून कितीतरी पायोरिये बघत असतो, त्यामुळे त्याच्याही मनात पहिलं तेच येतं. यात कुणाला दोष द्यायचा नाही, पण फरक कुठे असतो हे घरच्यांनाही माहीत असलेलं बरं.

पायोरिया सहसा तोंडभर असतो. खालच्या पुढच्या दातांमागे कीटण, दोन्ही बाजूंच्या दाढा थोड्या थोड्या हलणाऱ्या, वर्षानुवर्षांची तक्रार. नीट सफाई केली, खालपर्यंत कीटण काढलं, की दहा-पंधरा दिवसांत हिरडीचा रंग बदलतो, रक्त कमी होतं. बाकीचे दात घट्ट आणि मधली एकच दाढ हलतेय, तिच्याभोवतीची हिरडी दाणेदार, लालसर, कुठे पांढुरकी झालेली, सफाई करूनही ढिम्म, असं असेल तर तो पायोरिया समजून चालू नये. आमच्याकडे साधा नियम आहे: तोंडातली कोणतीही जखम, चट्टा किंवा वाढ, कारण दूर केल्यावर दोन आठवड्यांत बरी व्हायला लागली पाहिजे. टोचणारा दात घासून दिला, कवळी काढून ठेवली, कीटण काढलं, आणि तरी दोन आठवडे काही फरक नाही, तर तुकडा. तिसरा अँटिबायोटिक कोर्स हे त्यावरचं उत्तर नाही. अँटिबायोटिकने वरवरचा जंतुसंसर्ग कमी होतो, दुखणं चार दिवस थांबतं, आणि त्या चार दिवसांच्या आरामात महिना निघून जातो.

आता दाढ का काढायची नाही. गालाच्या आत बऱ्यापैकी जाडी असते, आधी अस्तर, मग स्नायू, चरबी. हिरडीखाली तसं काहीच नसतं. ती हाडाच्या आवरणाला थेट चिकटलेली असते आणि दोन-तीन मिलिमीटरवर हाड सुरू होतं. त्यात दात म्हणजे हाडात उतरलेला खुंट, त्याच्याभोवती बारीक फट. हिरडीवर वाढणाऱ्या कॅन्सरला हाडात शिरायला हीच वाट सोयीची पडते. दाढ उपटली की तिथे उघडा खड्डा तयार होतो. गाठ तिथेच असेल तर ती त्या खड्ड्यात वाढते, आणि आठ-पंधरा दिवसांनी खड्ड्यातून मांसाचा लाल कोंब वर येतो. पुढे सीटी स्कॅन केला तर हाडातला खळगा आजारामुळे पडला की दाढ काढल्यामुळे, हे रेडिओलॉजिस्टलाही धड सांगता येत नाही. शिवाय ‘जखम भरेल हळूहळू’ म्हणत वाट बघण्यात वेळ जातो तो वेगळाच. दाढ काढल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत हिरडी वरून जुळत येते. ज्यांची दाढ आधीच काढून झाली आहे आणि खड्डा भरायच्या ऐवजी फुगतोय, त्यांनी तो पुन्हा पुन्हा खरवडून घेऊ नये. खरवडून निघालेलं मांस बादलीत न टाकता तपासणीला पाठवायला लावावं.

मुंबईत आणि एकूणच आपल्याकडे हा आजार एवढा का दिसतो, तर बार ठेवायच्या जागेमुळे. खालचा गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच, गालफड म्हणतो ती. मळलेला तंबाखू-चुना तिथे तासन् तास बसतो. पाश्चात्य देशांत तोंडाचा कॅन्सर जिभेला आणि जिभेखाली जास्त होतो, आपल्याकडे गाल आणि खालच्या हिरडीला. म्हणून जगभरचे डॉक्टर गाल-हिरडीच्या कॅन्सरला ‘इंडियन ओरल कॅन्सर’ म्हणून ओळखतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, टपरीवर काय मिळतं ते आपण सगळे बघतोच. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ असं सांगणाऱ्यांसाठी: सुपारी ही स्वतंत्रपणे कॅन्सरकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने तिला त्याच पहिल्या गटात टाकलंय ज्यात तंबाखू आहे.

आणि बायका. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की सातारा-सांगलीकडची, कोकणातली मावशी मान हलवून नाही म्हणते, आणि ते तिच्या मते खरंच असतं. ‘मिश्री लावता का?’ असं विचारलं की पदर तोंडाला लावून हसते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती चोळतात हिरडीवरच, कुणी सकाळी, कुणी दिवसातून चार वेळा. नुसतं व्यसन विचारणाऱ्या डॉक्टरला हे कळत नाही. तुमच्या घरात कुणी लावत असेल तर डॉक्टरांनी न विचारताही सांगा.

तपासणी कशी होते हे सांगतो, म्हणजे ती नीट झाली की नाही हे तुम्हाला कळेल. कवळी असेल तर आधी काढायची. जीभ गॉजच्या तुकड्यात धरून दोन्ही बाजूंना ओढायची, आरशाने गाल बाहेर करून खाच शेवटच्या दाढेमागेपर्यंत बघायची. मग हातमोजा घालून बोट फिरवायचं. माझ्या मते डोळ्यांपेक्षा बोटाला जास्त कळतं. सुजलेली हिरडी दाबली की मऊ लागते, दबते. कॅन्सरच्या व्रणाची कड वर उचललेली, कडक असते आणि तळ खाली हाडाला धरून बसलेला असतो. बोट लावलं की सहज रक्त येतं. त्यानंतर तोंड किती उघडतं ते बघायचं. माणसाची स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. बाबांची दोनच जात असतील तर ते सुपारीमुळे आतून आवळल्यासारखं झाल्याने असेल, किंवा आजार मागच्या स्नायूंपर्यंत गेल्याने, आणि या दोन्हींत फार मोठा फरक आहे.

एक गोष्ट घरीच करून बघा. बाबांना डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक खालच्या ओठाच्या आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना फिरवा. उजवीकडे बधीर लागत असेल, डेंटिस्टचं इंजेक्शन उतरत असताना लागतं तसं, तर जबड्याच्या हाडातून जाणाऱ्या नसेवर दाब आहे. हे लक्षण असलं तर आठवडाही थांबायचं नाही. गळ्यात, जबड्याच्या कडेखाली गाठ लागते का तेही बघतात. हिरडीचा आजार बहुधा आधी तिथल्या गाठींत उतरतो. गाठ दुखत नाही म्हणजे साधी, हा समज मात्र उलटा आहे. दाताच्या पुवामुळे आलेली गाठ दुखते, कॅन्सरची सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही.

सगळंच कॅन्सर नसतं, हेही सांगायला हवं. ब्लड प्रेशरची अम्लोडिपिन, फिटची फेनिटॉइन या गोळ्यांनी हिरड्या वाढतात, पण त्या तोंडभर वाढतात, एका दाढेपाशी नाही. गरोदरपणात हिरडीवर लाल मऊ गाठ येते, ती बाळंतपणानंतर बरेचदा आपोआप बसते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा आधीच्या कॅन्सरसाठी ठरावीक इंजेक्शनं घेतलेल्यांचं जबड्याचं हाड कधी कधी उघडं पडतं. क्षयाचा व्रणही हिरडीवर येतो. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसने वरच्या जबड्याचे दात हलायला लागलेले पेशंट आम्ही सगळ्यांनी पाहिले, आणि साखर हाताबाहेर असलेल्या माणसात तो आजही होतो. एक महत्त्वाचं: हिरड्या एकदम दोन-तीन आठवड्यांत सगळीकडून फुगल्या, ताप, थकवा, अंगावर निळे डाग असतील तर आधी साधा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करा. रक्ताचा कॅन्सर काही वेळा पहिल्यांदा हिरड्यांत दिसतो, आणि तिथे रक्ताची तपासणी न करता तुकडा काढायला गेलं तर रक्त थांबता थांबत नाही. बाबांचं वर्णन असं नाही, पण तुकड्याआधी सीबीसी आणि साखर बघून घेतातच.

आता काकांचा मुद्दा. तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. हा समज कुठून आला ते मात्र मला कळतं. तुकडा काढतात, रिपोर्टमध्ये कॅन्सर येतो, घरचे हबकतात, मग कुणीतरी गावाकडचा झाडपाला सुचवतो, त्यात दोन-तीन महिने जातात, गाठ वाढते, आणि दोष तुकड्याला लागतो. गाठ वाढली ती या मधल्या महिन्यांमुळे. आणि सरळ साधी गोष्ट म्हणजे तुकड्याशिवाय भारतातच काय, जगात कुठेही तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन किंवा रेडिएशन सहसा सुरू करत नाहीत. पेट स्कॅन कितीही महाग असला तरी तो पेशी दाखवत नाही. साखर जास्त खाणारी जागा चमकताना दाखवतो, आणि पू झालेली दाढही चमकते.

तुकडा काढणं फार मोठं काम नाही. दाढेला देतात तेच इंजेक्शन, बधीर झालं की पाच-दहा मिनिटांत होतं, एखादा टाका किंवा नुसता गॉज दाबून धरायचा. पण तो कुठून काढतात याला फार महत्त्व आहे. व्रणाच्या मधोमध मेलेलं मांस आणि पू असतो. तिथून घेतला तर रिपोर्ट ‘सूज, जंतुसंसर्ग’ असा येतो आणि घरात पेढे वाटले जातात. तुकडा कडेवरून हवा, त्यात थोडा आजार आणि थोडी चांगली हिरडी दोन्ही यायला हवं, आणि तो पुरेसा खोल हवा. कॉटरीने (विजेवर तापणाऱ्या उपकरणाने) जाळत काढला तर पेशी करपतात आणि पॅथॉलॉजिस्टला काही दिसत नाही, म्हणून साध्या ब्लेडने. बाटलीत फॉर्मालिन (तुकडा टिकवणारं द्रावण) हवं, सलाईन नाही. काढायच्या आधी जागेचा फोटो काढून ठेवा, मोबाईलवर चालेल. पुढच्या डॉक्टरला मूळ आजार किती मोठा होता ते कळतं. बाबा हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा. एवढ्याशा तुकड्यासाठी ॲस्पिरिन थांबवायची सहसा गरजही पडत नाही. निळं औषध लावून बघणं, ब्रशने पेशी खरवडून तपासणं, या गोष्टी कुठून तुकडा घ्यावा हे ठरवायला उपयोगी पडतात. त्यावरून ‘नाही’ म्हणून निश्चिंत व्हायचं नसतं.

रिपोर्ट सहसा आठवडाभरात येतो. त्यात ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ लिहिलं असेल तर निदान झालं, तोंडातले दहापैकी नऊहून जास्त कॅन्सर याच प्रकारचे असतात. ‘डिस्प्लेशिया’ म्हणजे पेशी बिघडायला लागल्या आहेत, अजून कॅन्सर नाही. तो सौम्य की तीव्र यावर पुढचं ठरतं. सगळ्यात फसवा रिपोर्ट तिसरा: ‘पाठवलेल्या नमुन्यात कॅन्सरचा पुरावा नाही.’ यातले पहिले दोन शब्द लोक वाचतच नाहीत. जागा बघून, बोट लावून डॉक्टरला संशय असेल आणि रिपोर्ट साधा आला असेल, तर दुसरा, खोल तुकडा घ्यायचा. त्यात डॉक्टर पैसे काढतोय असं वाटून घेऊ नका. विशेषतः फुलकोबीसारखी पांढरी, खरखरीत वाढ असेल तर. त्या व्हेरुकस प्रकारात वरवरचा तुकडा निरुपद्रवी दिसतो, खरी गोष्ट तळाशी असते.

ओपीजी ‘नॉर्मल’ होता याचा अर्थ काय, तर फारसा काही नाही. साध्या एक्स-रेवर हाडाची झीज दिसायला साधारण ३० ते ५० टक्के खनिज जावं लागतं. त्यापेक्षा कमी झीज ओपीजीला कळत नाही. त्यात दिसलं तर महत्त्वाचं, न दिसलं तर निर्धास्त व्हायचं नाही. रिपोर्ट कॅन्सरचा आला तर मग चेहरा आणि मानेचा सीटी, शिरेतून औषध देऊन. म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतात. सीटी करताना बाबांना गाल फुगवून धरायला सांगायला हवं. नाहीतर गाल आणि हिरडी चित्रात एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि आजार नेमका कुणाचा तेच कळत नाही. बऱ्याच सेंटरवर हे सांगितलं जात नाही, तुम्ही टेक्निशियनला आठवण करून दिलीत तर कुणी रागावणार नाही. हाडाच्या आतला मगज, नस, शेवटच्या दाढेमागचा भाग यासाठी एमआरआय जास्त चांगला, पण तो सगळ्यांना लागत नाही. मानेतल्या गाठीची शंका असेल तर सोनोग्राफी आणि सुईने तपासणी. पेट स्कॅनची पाळी आजार पुढे गेलेला असला तर येते.

स्टेजबद्दल एक बारकावा, कारण लोक रिपोर्टमधला ‘हाड’ हा शब्द वाचून कोसळतात. हाडाच्या बाहेरच्या कवचातून आजार आरपार आत गेला तर तो चौथ्या टप्प्यातला धरतात. पण हिरडीच्या कॅन्सरने हाडाला वरवर खाल्लं असेल किंवा फक्त दाताच्या खोबणीपर्यंत पोचला असेल, तर तेवढ्यावरून चौथा टप्पा धरत नाहीत. हा अपवाद खास हिरडीसाठीच नियमात लिहिलेला आहे. तेव्हा रिपोर्ट गुगलवर टाकून स्टेज काढू नका, ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारा.

भांडुपहून कुठे जायचं? तुकड्यासाठी लगेच मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलची रांग धरायची गरज नाही. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय. तिथे सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि ओरल मेडिसिन विभागात पाठवायला सांगा. ओळखीचे ओरल सर्जन असतील तर त्यांच्याकडेही चालेल. रिपोर्ट कॅन्सरचा आलाच तर परळला टाटा मेमोरियल आहे, जिथे तोंडाच्या कॅन्सरचं काम रोजचं आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, त्यासाठी योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा, ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर नाही.

तोवर बाबांची तंबाखू बंद, पूर्ण. बाजू बदलून डावीकडे ठेवणं म्हणजे बंद नव्हे, हे मुद्दाम सांगतोय कारण बहुतेक जण तेच करतात. लवंगेचं तेल, हळद, तुरटी त्या जागेवर चोळू नका. जागा भाजल्यासारखी होते आणि तुकड्याचा रिपोर्ट गोंधळाचा येतो. तिखट टाळा, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा चालतील.

तुकडा जिथे तपासला त्या लॅबकडून नुसता कागदी रिपोर्ट घेऊन येऊ नका. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (ज्या मेणात तुकडा जपून ठेवतात तो) मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. पुढचं हॉस्पिटल त्या पुन्हा आपल्या पॅथॉलॉजिस्टला दाखवतं, आणि ब्लॉक हातात नसला की बाबांचा दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागतो.